निळी रेंजर

जाड टायरची, सरळ हँडलची सायकल दिसली की आमच्या मिरजेत तिला रेंजर म्हणतात. ती कुठल्या कारखान्यातून आली याची चौकशी कुणी करत नाही. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं, तसंच हे. लुधियानाच्या हीरो सायकल्सने आपल्या एका सायकलीला दिलेलं हे नाव नव्वदच्या दशकात सगळ्या जातीलाच चिकटलं. त्याआधी सायकल म्हणजे काळी, बावीस किंवा चोवीस इंची, मागे कॅरिअर, कॅरिअरला दुधाचे कॅन नाहीतर भाजीची पाटी. रेंजर आली आणि निदान आमच्या गल्लीपुरती तरी सायकल रंगीत झाली. तिला कॅरिअर नव्हतं, चेन कव्हर अर्धंच होतं, आणि डोंगर चढायची म्हणून विकली जाणारी ही सायकल बहुतेक वेळा बिनगियरची होती! डोंगर कुणी चढत नव्हतंच म्हणा. पोरं तिच्यावरून कॉलेजात जायची आणि मुलींच्या शाळेसमोर ब्रेक लावायची.

आम्ही दोघी बहिणी सायकल मिस्त्रीच्या मुली. मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर अब्बांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, पुढे पत्रा, पत्र्याखाली पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. लहानपणी सुट्टीत भाड्याच्या छोट्या सायकली पोरांना लावून द्यायचं काम आमच्याकडे असे. तास भरला की पोरांना शोधून आणणं, हेही आमच्याकडेच. त्यामुळे शहरातल्या गल्ल्या आम्हाला जितक्या पाठ आहेत, तितक्या आमच्या नवऱ्यांनाही नाहीत.

१९९७ सालच्या उन्हाळ्यात त्या दुकानात एक निळी रेंजर आली ती परत गेलीच नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवरचा कुणी मुलगा मागचं चाक वाकलं म्हणून लावून गेला. अब्बा होस्टेलच्या सगळ्याच पोरांना ‘डॉक्टर’ म्हणत. चिठ्ठीवर त्यांनी तेवढंच लिहिलं : डॉक्टर, होस्टेल. निळी रेंजर. मागचं चाक आऊट. दोन्ही ब्रेक. ३५ रु. काम संध्याकाळपर्यंत झालं. मुलगा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. अब्बा स्वतः दोनदा होस्टेलवर जाऊन आले. परीक्षा संपून पोरं पांगली होती. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. सायकल छताच्या हुकाला टांगली गेली.

आणि तिथेच राहिली, सत्तावीस वर्षं.

त्या वेळी आम्ही शाळा-कॉलेजात होतो. घरात सायकलींची वाण नव्हती; पण आम्हाला हवी होती ती रेंजर. अब्बा एकच बोलत, ‘‘अमानत हाय बेटा. नक्को हात लगाव.’’ एखादं गिऱ्हाईक किंमत विचारी, तर त्यालाही हेच उत्तर. दुकानात कडकीचे दिवस कमी आले नाहीत. लुना, एम-एटी, मग स्कूटी अशा एकेक गाड्या आल्या आणि भाड्याच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. पण ज्या सायकलीचे त्यांना रोख पैसे मिळाले असते, ती तशीच टांगलेली. वर्षातून एकदा, बहुधा रमजानच्या आधी, ते ती खाली काढत, पुसत, चेनला तेल सोडत आणि पुन्हा वर टांगत. पुढे डोळे अधू झाले तसं तेही राहून गेलं.

२०२४ साली ती इमारत पाडायची ठरली. दुकान रिकामं करायला महिनाभर होता. पाने, पंप, फळकूट सगळं वाटून झालं, आणि राहिली ती निळी रेंजर. भंगारवाल्याने काट्यावर टाकली : १८ किलो. म्हणाला, पाचशे देतो. अब्बा ओट्यावर बसून ऐकत होते. काचबिंदूने त्यांची नजर आता अंधुक सावल्यांपुरती उरली आहे. ते उठून काट्याजवळ आले, हाताने चाचपून सायकलीचा दांडा धरला आणि ती काट्यावरून उतरवली.

मग आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मालकाचा शोध घेतलात का? घेतला. तो मिळायची उमेद आहे का? नाही. मग त्याच्या नावाने ही वस्तू सदका करा, कुणा गरजवंताला द्या. उद्या तो आला, तर त्याला सगळं सांगा. नाही पटलं, तर किंमत भरून द्यायची तयारी ठेवा. अब्बांना हे पटलं. पण त्यांनी लगेच पुढची अट घातली. सदक्यात मोडकी वस्तू द्यायची नाही. जी सायकल माणूस चालवू शकत नाही, ती दिली काय अन् भंगारात घातली काय!

आता काम करणार कोण? अब्बांना दिसत नाही. गावातले दोन ओळखीचे मिस्त्री होते. एक आखातात गेलेला, दुसऱ्याने मोबाईलचं दुकान टाकलेलं. राहिलो आम्ही. आमच्यातली थोरली शाळेत शिकवते, धाकटी औषधांच्या दुकानात बसते. पंक्चर दोघींना काढता येतं, पण ओव्हरऑइलिंग कधी केलेलं नाही. हा शब्द खरा ‘ओव्हरहॉलिंग’. पण आमच्याकडे शंभरातले नव्व्याण्णव जण ओव्हरऑइलिंगच म्हणतात, आणि कामाचं स्वरूप बघता तेच जास्त बरोबर वाटतं.

घराच्या मागच्या अंगणात गोणपाट अंथरून सायकल उलटी ठेवली. अब्बा खुर्चीत. सांगणारे ते, करणाऱ्या आम्ही.

पहिला धडा पायडलचा. उजवं पायडल नेहमीसारखं सुटलं. डावं काही केल्या हलेना. आम्ही दोघींनी पान्याला लोंबकळून पाहिलं. अब्बा हसत बसले होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चालवताना पायाच्या दाबाने पायडलचा दांडा क्रँकच्या भोकात किंचित किंचित घासत फिरत राहतो, आणि आटे सरळ असते तर डावं पायडल चालता चालता आपोआप सुटून पडलं असतं. म्हणून ते उलटं आवळायचं आणि उलटंच सोडवायचं. सायकलीच्या दुकानात वाढून हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण अब्बांनी कधी पायडलपर्यंत येऊच दिलं नव्हतं. मुलींचे हात काळे होतात म्हणून.

मग कॉटर, मग बी.बी., मग दोन्ही हब. कॉटर ठोकताना क्रँकखाली लाकडी ठोकळा द्यायचा, नाहीतर हातोडीचा मार थेट छर्‍यांवर जातो. आतलं ग्रीस वाळून साबणाच्या वडीसारखं झालं होतं. पुढच्या हबमध्ये एका बाजूला दहा छर्रे, ३/१६ इंची. मागच्यात नऊ, पाव इंची. डिझेलमध्ये धुऊन ते अब्बांच्या तळहातावर ठेवले. एकेक छर्रा ते अंगठा आणि तर्जनीत फिरवून पाहत. ‘‘हा गेला. हा चालेल. हा पण गेला.’’ आम्ही भिंग लावून बघितलं, तर जो गेला म्हणाले त्यावर खरोखर सुईच्या टोकाएवढा खड्डा होता. चेनची परीक्षा पट्टीने होते. चोवीस कड्यांचं अंतर नेमकं १२ इंच भरलं पाहिजे. एक अष्टमांश इंच वाढलं, की चेन बाद. आमची भरली बरोबर बारा. चाललीच कुठे होती ती! पण गंजाने तिच्या कड्या काठीसारख्या ताठ झालेल्या, म्हणून नवी घ्यावी लागली.

संध्याकाळी धाकटीच्या मुलाने एक गोष्ट वाचून दाखवली, ती अब्बांना फार आवडली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा भाग आहे. तिथे तमालपाइस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण पोरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरच्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या जुन्या सायकली पैदा करून आणायची, ठीकठाक करायची आणि डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने खाली सोडायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. पायडल उलटं दाबलं की लागायचा. उतार इतका, की हब तापून आतलं ग्रीस जळायचं, धूर निघायचा. खाली पोचलं की हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं. त्यावरून त्या उताराचंच नाव पडलं रिपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरा’. पहिली शर्यत तिथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. पुढे जो ब्रीझ नावाच्या माणसाने १९७७ साली खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा बांधला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली अशा सायकली विकायला सुरुवात केली. आणि १९८१ साली स्टंपजंपर नावाची, कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली, पंधरा गियरची सायकल बाजारात आली. तिचा एक नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला आहे.

अब्बा म्हणाले, ‘‘मतलब, ओव्हरऑइलिंगपासूनच सुरू झालं की सगळं!’’

तिकडच्या त्या जुन्या सायकली शौकीन लोक शोधून शोधून घेतात, मूळचा एक बोल्ट मिळावा म्हणून वाट बघतात. आमच्या रेंजरला तसा मान कोण देणार? १९५६ साली सुरू झालेल्या हीरोचं नाव जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून १९८६ साली गिनेस बुकात गेलं. अशा कारखान्यातून निघालेल्या अगणित सायकलींपैकी ही एक. दुर्मीळ नाही, नामांकित नाही, कुणा शर्यतवीराच्या हाताखालची नाही. पण हेच आम्हाला तिच्यात पुन्हा पुन्हा जाणवत होतं. तिचं काहीही मागवावं लागलं नाही. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, केबल, छर्रे, सगळं मिरजेच्या बाजारात एका सकाळी मिळालं. खर्च २,१८० रुपये. पुढच्या चिमट्याजवळ सांगाड्याला केसासारखी चीर दिसली, ती कोपऱ्यावरच्या वेल्डरने पितळी वेल्डिंग करून अर्ध्या तासात बंद केली. आजच्या महागड्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला असं रस्त्यावर डाग देऊन भागत नाही. वेल्डिंगनंतर तो ठरावीक तापमानात पुन्हा पक्का करावा लागतो, नाहीतर जोड कच्चा राहतो. साधं पोलाद मात्र कुणालाही हात लावू देतं.

रंगावरून आमच्यात वाद झाला. धाकटीचं म्हणणं, नवा रंग मारू, लाल नाहीतर चकाकता काळा. थोरलीला निळाच हवा होता. अब्बांनी दोघींना गप्प केलं. रंग बदलला, तर मालक ओळखणार कसा? आम्ही म्हटलं, अब्बा, सत्तावीस वर्षं झाली. ते काही बोलले नाहीत. रंग तोच राहिला. दांड्यावरचं ‘रेंजर’ हे अर्धं सोललेलं स्टिकरही तसंच ठेवलं. रिंगांचा गंज मात्र काढला; शाळेच्या डब्यातला चांदीचा कागद पाण्यात बुडवून घासला की क्रोमवरचा वरवरचा गंज छान निघतो.

राहिलं चाक. तेच काम ते पोर घेऊन आलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड. अब्बांनी १९९७ साली आऊट काढला होता. पण इतक्या वर्षांत काही तारा गंजून तुटल्या, काही सैल पडल्या, आणि चाक पुन्हा लगडलं. सगळ्या ३६ तारा नव्या टाकायच्या ठरल्या. तारा ओवणं आम्ही कसंबसं केलं. पण चाक फिरवलं की रिंग डावी-उजवीकडे पोहायची. निपल इकडे आवळलं, तर तिकडे वाकडं. थोरलीचे डोळे बघून बघून दुखायला लागले.

तेव्हा अब्बांनी चाक मांडीवर मागून घेतलं. आणि त्यांनी केलं ते असं : एका बाजूच्या तारा त्यांनी बोटाने एकेक करून छेडल्या. टिंग, टिंग, टिंग, टुंग. ‘‘ही ढिली.’’ पुढे टिंग, टिंग, टँग. ‘‘ही चढलेली. अर्धा आटा सोड.’’ एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात बोलल्या पाहिजेत. दुसऱ्या बाजूचा सूर किंचित वेगळा असला तरी चालेल, पण त्या बाजूत तो सारखा हवा. ताण सारखा झाला, की रिंग आपोआप सरळ होते. मग डोळ्याने फक्त शेवटचा केसभर फरक काढायचा. हा केसभर फरक काढायला आमचे डोळे, बाकी सगळं त्यांचे कान.

हे कुठे शिकलात, असं विचारलं, तर म्हणाले, शेजारी. त्यांच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत सतारमेकरांची घरं. मिरजेतल्या शिकलगारांनी तलवारींना धार लावायचं सोडून सतारी-तानपुरे करायला घेतले, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. दिवसभर भिंतीपलीकडे कुणी ना कुणी तार छेडत, जवारी घासत बसलेलं. तरुणपणी ते दुपारच्या रिकाम्या वेळी तिथे जाऊन बसायचे आणि परत येऊन चाकावर तेच करून बघायचे. उर्साच्या काळात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत रात्रभर गाणं चाले, तेही ते पत्र्याखाली बसून ऐकत. गाण्यातलं काही कळत नाही म्हणतात. पण तंबोरा उतरलाय, हे त्यांना गवयाच्या आधी कळायचं, असं अम्मी सांगायची.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. व्हायलाच हवा. पण त्याच काळात आमच्या मोबाईलवर दुसरंही येत होतं. ‘पंक्चरवाले’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांसाठी शिवीसारखा वापरला जातो. थोरलीच्या शाळेत आठवीतल्या एका पोराने दुसऱ्याला तशी हाक मारली, तेव्हा ती वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होती. ते खोटं आहे, आमच्यातही डॉक्टर-इंजिनिअर आहेत, असं उत्तर द्यायची आपल्याकडे एक रीत आहे. आम्हाला ते उत्तर कधी तोंडावर येत नाही. आमचे अब्बा पंक्चर काढायचे. ट्यूब घासायची, सोल्यूशन लावायचं, आणि ते पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं. ओल्यावर ठिगळ लावलं, तर दुसऱ्या दिवशी सुटतं. गिऱ्हाईक घाई करत असलं तरी ते थांबायचे. त्यांचं ठिगळ सुटून परत आलेली ट्यूब आम्ही पाहिलेली नाही. मोबाईलवरचं हे काही आम्ही त्यांना वाचून दाखवत नाही. नजर गेल्याचा एवढा एकच फायदा.

सायकल तयार झाली, तर ट्रायल हवीच. ट्रायल घेतल्याशिवाय सायकल गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा दुकानाचा जुना नियम. अमानत वापरायची नाही. पण ट्रायल म्हणजे वापर नव्हे, असं आम्ही अब्बांना पटवलं. किती लांब, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. रविवारी पहाटे आम्ही निघालो, एक रेंजरवर, एक स्कूटीवर, आलटून पालटून. भोसे गावाजवळचा दंडोबाचा डोंगर गाठायचा होता.

सपाटीवर ती छान पळाली. जाड टायरचा डांबरावर येणारा तो घुर्र आवाज! पंचेचाळिशीच्या आसपासच्या दोन बायका, ओढण्या कमरेला खोचलेल्या. रस्त्याकडेच्या चहावाल्याने हातातली किटली तशीच धरून बघितलं. पण दंडोबाचा चढ लागला आणि तिचं डोंगराशी असलेलं नातं उघडं पडलं. आम्ही तिचे दाते मोजले होते. पुढे ४४, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटर पुढे जाणार, मग सपाटी असो की चढ. स्टंपजंपरला चढावर हळू, हलकी चाल घेता येते. हिला एकच चाल. वनखात्याची झाडी सुरू झाली तिथून आम्ही उतरलो आणि १८ किलो ढकलत वर नेले. थोडी पोचली, थोडी नाही. जिथपर्यंत गेलो तिथे एका झाडाला तिला टेकवलं आणि पाणी प्यालो. उतरताना दोन्ही ब्रेक दाबून ठेवावे लागले. पोलादी रिंगवर रबर कोरड्यात बरं धरतं. पावसात ते घसरतं, हे सायकल देताना सांगायचं, असं आम्ही ठरवून टाकलं.

सायकल द्यायची कुणाला, हे थोरलीने मनात धरून ठेवलं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी वस्तीवरून तासभर चालत येते आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस येतच नाही. वडील ऊसतोडीला जातात. ती आपल्या जमातीतली नाही. मौलानांना पुन्हा विचारावं का, असं धाकटी म्हणाली. अब्बा म्हणाले, ‘‘डॉक्टरची जात तरी कुणाला ठाऊक होती?’’

मुलगी वडिलांबरोबर आली. तिला मधला दांडा उंच पडत होता, सीट पार खाली घेतली तरी. पण दोन फेऱ्यांत तिने पाय टाकायचं तंत्र जमवलं. अब्बांनी तिच्या वडिलांना सगळं नीट सांगितलं : ही एका गिऱ्हाइकाची आहे, त्याच्या नावाने देतोय, तो आला तर त्याच्याशी काय ते आम्ही बघून घेऊ, तुमच्याकडे कुणी मागायला येणार नाही. मग जुन्या वहीत थोरलीकडून लिहून घेतलं. तारीख, निळी रेंजर, कुणाला दिली. त्याखाली १९९७ ची चिठ्ठी चिकटवून ठेवली. ३५ रुपयांची बाकी खोडली नाही.

आठ दिवसांनी बाप-लेक पुन्हा दारात. चेन उतरत होती. नवी चेन पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, सैल पडते. अब्बांनी खाली बसून ती बोटाने वर-खाली करून पाहिली, मागचं चाक हाताने दोन सूत मागे ओढलं, आणि धाकटीला नट आवळायला सांगितलं. मुलीच्या वडिलांनी भीत भीत विचारलं, किती झाले?

‘‘पाच रुपये,’’ अब्बा म्हणाले, आणि हात पुढे केला.